लाईट गेली ते कळलं, पण पाणी आणि मोबाईल का गेले?

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार, सकाळचे दहा वाजून गेले होते. कोरोनाचे दिवस, अर्धी सोसायटी डायनिंग टेबलावर ऑफिस मांडून बसलेली, पोरांची ऑनलाईन शाळा चालू, आणि लाईट गेली. मुंबईत लाईट जाणं म्हणजे तशी दुर्मिळ गोष्ट, गावाकडच्या नातेवाईकांना आपण त्यावरून किती वर्षं चिडवलंय, त्यामुळे पहिली दहा मिनिटं कुणी मनावर घेतलं नाही. मग कळलं की शेजारच्या बिल्डिंगमध्येही नाहीये, मग कळलं ठाण्यालाही नाहीये, लोकल आहे तिथे उभी आहे, आणि मोबाईलचा डेटा गोगलगायीसारखा चालायला लागला कारण सगळ्यांचं वायफाय गेल्यामुळे सगळेच मोबाईलवर आले होते.

मी सोसायटीचा सेक्रेटरी, त्यामुळे फोन मलाच. बाराच्या सुमारास तिसऱ्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या, लिफ्ट बंद म्हणून हातात पिशवी घेऊन धापा टाकत चढत होत्या. म्हणाल्या, "अरे, लाईट गेली ते कळलं मला. पण नळाचं पाणी का गेलं? पाणी काय वायरीतून येतं का?"

मी म्हटलं, काकू, जवळजवळ तसंच आहे.

पाणी महापालिकेच्या पाईपातून खालच्या टाकीत येतं आणि तिथून पंपाने वरच्या टाकीत चढतं. आमच्याकडे वॉचमन भाऊ सकाळी एकदा आणि दहाच्या पुढे एकदा पंप लावतात. दुसरी पाळी हुकली आणि वरची टाकी तळाला गेली, बस. काकूंना पटलं, पण प्रश्न माझ्याच डोक्यात राहिला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये हार्बर लाईन बंद पडली म्हणून मोनोरेल अडकली तेव्हा परत वर आला. एका यंत्रणेचा बिघाड दुसऱ्या यंत्रणेत शिरतो कसा? म्हणून हा लेख.

## आधी दोन शब्द समजून घेऊ

वीज, पाणी, रेल्वे, फोन, गॅस, बँका, हॉस्पिटलं या सगळ्यांना मिळून पायाभूत यंत्रणा म्हणतात. आपण त्यांची बिलं वेगवेगळी भरतो, ऑफिसं वेगळी, तक्रारीचे नंबर वेगळे, त्यामुळे त्या वेगवेगळ्या आहेत असं वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येकीचा हात दुसरीच्या खांद्यावर आहे, याला म्हणतात परस्परावलंबन. आणि एकीचा तोल गेला की तिच्यावर टेकलेली घसरते, मग तिच्यावर टेकलेली घसरते, याला इंजिनियर लोक कॅस्केड म्हणतात. मी इथे साखळी बिघाड म्हणेन.

दहीहंडीचे थर बघितलेल्यांना वेगळं सांगायला नको. खालच्या थरातला एक गडी हलला तर फक्त तोच पडत नाही, त्याच्या खांद्यावरचं वजन शेजारच्या दोघांवर जातं, आणि तेही आधीच जेमतेम उभे असतात.

## भार हवेत विरत नाही

हे वजन शेजाऱ्यावर जाणं नीट समजलं की निम्मं समजलं, म्हणून जरा इथे थांबतो.

सकाळी पावणेनऊची एक फास्ट लोकल रद्द झाली समजा. तिचे प्रवासी घरी परत जात नाहीत, ते पुढच्या लोकलमध्ये घुसतात. त्या लोकलला आता दुप्पट माणसं, म्हणून ती प्रत्येक स्टेशनवर अर्धा मिनिट जास्त थांबते, म्हणून ती लेट, तिच्या मागची लेट, आणि लेट झाल्यामुळे प्रत्येक प्लॅटफॉर्मवर आणखी गर्दी साचते. रद्द झाली एक गाडी, पण दहा वाजेपर्यंत अख्खी लाईन बोंबलते.

विजेचं तसंच, फक्त तिथे हे सेकंदात होतं. शहरात वीज आणणाऱ्या मोठ्या लाईन चार-पाच असतील आणि त्यातली एक बंद पडली तर तिचा प्रवाह रांगेत उभा राहत नाही, त्याच क्षणी बाकीच्या लाईनवर जातो, कुणाला विचारत नाही. त्या लाईनवर जास्त प्रवाह आला की ती तापते, तार खाली झोळते, आणि जळून जाण्याआधी तिचं संरक्षक यंत्र तिला आपणहून बंद करतं. यालाच लाईन ट्रिप होणं म्हणतात, घरातला एमसीबी पडतो तसं. यात गंमत अशी की प्रत्येक यंत्र आपापल्या जागी अगदी बरोबर वागलेलं असतं, प्रत्येकाने स्वतःला वाचवलेलं असतं, आणि सगळ्यांनी स्वतःला वाचवल्यामुळे शहर अंधारात जातं.

१२ ऑक्टोबरला थोडक्यात हेच झालं. काही लाईन आधीच बंद होत्या, त्यात पडघा-कळवा मार्गावरची ४०० केव्हीची (म्हणजे चार लाख व्होल्टची) उरलेली लाईनही बाहेर पडली, भार खारघरच्या बाजूला सरकला, त्याही ट्रिप झाल्या. सुमारे २,२०० मेगावॉटचा पुरवठा गेला. लोकल बंद, सिग्नल बंद, हायकोर्टाच्या ऑनलाईन सुनावण्या अडकल्या, परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या, आणि हॉस्पिटलांच्या जनरेटरना डिझेल कमी पडू देऊ नका असा आदेश मुख्यमंत्र्यांना द्यावा लागला. काही भागात संध्याकाळपर्यंत लाईट नव्हती. हे सगळं कशावरून सुरू झालं तर ठाणे जिल्ह्यातल्या, आपण कधी न बघितलेल्या टॉवरांवरून.

आता मोनोरेल. १९ ऑगस्ट २०२५, धो धो पाऊस, रुळांवर पाणी आल्यामुळे हार्बर लाईन बंद. माणसं घरी जायची थांबतात का? चेंबूरच्या बाजूला जाणाऱ्यांना वर मोनोरेल दिसली, जी एरवी रिकामी धावायची म्हणून आपण सगळे तिची टिंगल करायचो, आणि सगळे तिच्यात चढले. मोनोरेल बांधणाऱ्या एमएमआरडीए या सरकारी प्राधिकरणाने नंतर सांगितलं की गाडीची क्षमता १०४ टनांची होती आणि वजन १०९ टनांवर गेलं होतं. त्या वजनाने गाडीचा आणि वीज देणाऱ्या पट्टीचा संपर्क तुटला आणि म्हैसूर कॉलनी ते भक्ती पार्कच्या मध्ये ती हवेत लटकल्यासारखी उभी राहिली, एसी बंद, दरवाजे बंद. फायर ब्रिगेडने शिड्या लावून ५८२ जणांना उतरवलं.

यात बघा, पावसाने मोनोरेलचं काहीच बिघडवलं नव्हतं. हार्बर आणि मोनोरेल यांना जोडणारी एक वायर नाही, एक रूळ नाही. जोडलं कुणी? माणसांनी, घरी जायच्या घाईने.

## कोण कुणावर टेकलंय

या विषयात २००१ सालचा एक अमेरिकन अभ्यास आहे, त्यातली वर्गवारी अजून वापरतात. त्यांनी अवलंबून असण्याचे चार प्रकार केले. पहिला सरळ वस्तूचा, पंपाला वीज लागते, वीजकेंद्राला कोळसा लागतो, कोळशाला रेल्वे लागते. हा सगळ्यांना कळतो. दुसरा माहितीचा, म्हणजे सिग्नल, सर्व्हर, ओटीपी. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राईक नावाच्या एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या बिघडलेल्या अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बसले आणि आपल्याकडे एअरपोर्टवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. विमानं ठणठणीत होती, पायलट हजर होते, आभाळ मोकळं होतं, फक्त कॉम्प्युटरला कळत नव्हतं कोण कुठे बसणार.

चौथा प्रकार आधी सांगून टाकतो, तो माणसांच्या वागण्याचा आणि निर्णयांचा, त्याचं उदाहरण मोनोरेल झालंच.

तिसरा मला सगळ्यात जास्त मुंबईचा वाटतो, तो म्हणजे शेजाराचा. दोन यंत्रणांचा एकमेकींशी काही संबंध नसतो, पण त्या एकाच खड्ड्यात असतात. आपल्या कुठल्याही रस्त्याचं खोदकाम चालू असेल तिथे वाकून बघा, पाण्याचा पाईप, त्याला खेटून विजेची केबल, तिच्यावर फोनची, इंटरनेटची काळी वायर, बाजूला पिवळा गॅसपाईप. जेसीबीचा एक दात चुकीच्या जागी लागला की चार खात्यांची माणसं एकाच खड्ड्याभोवती उभी राहून एकमेकांकडे बघतात.

याचं मोठं रूप भांडुपला बघितलं. आम्ही भांडुपलाच राहतो. १८ जुलै २०२१ च्या पहाटे एवढा पाऊस पडला की भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलातच पावसाचं पाणी शिरलं, विजेची यंत्रं बंद करावी लागली आणि मुंबईच्या बहुतेक भागाचं पाणी बंद झालं. म्हणजे पाणी जास्त झालं म्हणून पाणी गेलं. संकुल आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आणि आमच्या नळाला फुस्स, दिव्याखाली अंधार तो हाच.

## दोन भाऊ, एकमेकांना जामीन

इथपर्यंत साखळी सरळ होती, एकाने दुसऱ्याला पाडलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. खरा घोळ तेव्हा होतो जेव्हा साखळीचं टोक फिरून परत सुरुवातीला येतं.

पतपेढीत कर्ज घ्यायला जामीन लागतो. समजा दोन भावांनी कर्ज काढलं आणि मोठ्याला धाकटा जामीन, धाकट्याला मोठा. कागदावर दोघांनाही जामीन आहे, मॅनेजर खूश. पण दोघांचं दुकान एकच असेल आणि ते बसलं तर? दोन जामीन नव्हतेच, एकही नव्हता.

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये असंच झालं. भयंकर थंडी पडली, लोकांनी हीटर लावले, मागणी वाढली आणि त्याच वेळी थंडीने वीजकेंद्रं आणि गॅसच्या विहिरी गोठायला लागल्या. ग्रिड, म्हणजे वीज वाहून नेणारं सगळं जाळं, वाचवायला भारनियमन सुरू केलं. आता तिथली बरीचशी वीज नैसर्गिक वायूवर बनते आणि तो वायू पाईपातून ढकलणारी, शुद्ध करणारी काही यंत्रं विजेवर चालतात. त्यातल्या बऱ्याच ठिकाणांनी "आमची वीज तोडू नका, आम्ही अत्यावश्यक आहोत" असा फॉर्मच भरलेला नव्हता, त्यामुळे भारनियमनात त्यांचीही वीज तोडली गेली. वीज गेली म्हणून गॅस कमी, गॅस कमी म्हणून वीज आणखी कमी. ग्रिड पूर्ण कोसळण्यापासून ४ मिनिटं ३७ सेकंदांवर होतं असं तिथल्या ग्रिड चालवणाऱ्यांनी नंतर सांगितलं. सरकारी मोजणीनुसार २४६ माणसं गेली. एका न भरलेल्या फॉर्ममुळे हे सगळं झालं असं मी म्हणणार नाही, थंडी खरी होती आणि यंत्रांना थंडीचं संरक्षण नव्हतं हे मोठं कारण होतं, पण तो फॉर्म माझ्या डोक्यातून जात नाही.

आपल्याकडे थंडीचा प्रश्न नाही, आपला प्रश्न पाणी. सखल भागात पाणी भरलं की शॉक लागू नये म्हणून तिथली वीज बंद करतात, आणि तेच बरोबर आहे. पण पाणी उपसायला पंप लागतो आणि पंपाला वीज. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला (कुलाब्याला त्याच दिवशी ७३, एकाच शहरात) आणि उपनगरांत पाणी, वीज, लोकल, फोन सगळं एकमेकांना घेऊन बुडालं. मुलं शाळेत, आईवडील ऑफिसात, आणि कोण कुठे आहे हे विचारायला फोन लागत नाही. त्यानंतर समुद्रात पाणी फेकणारी मोठी पंपिंग स्टेशनं झाली, हाजी अली, ईर्ला, लव्हग्रोव्ह वगैरे. आणि रस्त्यावर पावसाळ्यात महापालिका जे सुटे पंप ठेवते त्यातले बरेच डिझेलवर चालणारे असतात, ते धूर सोडत धडधडतात म्हणून लोक तक्रारी करतात, पण पंप डिझेलचा असण्यामागे हेच कारण आहे की तो पाणी आणि वीज यांच्या गाठीच्या बाहेर असावा.

## "पण जनरेटर असतो ना?"

हा पहिला आक्षेप, आणि तो मला दर वेळी ऐकायला मिळतो. हो, असतो. मोबाईल टॉवरला बॅटरी असते, मोठ्या हॉस्पिटलला जनरेटर असतो, स्टॉक एक्स्चेंजला असतो. १२ ऑक्टोबरला शेअर बाजार चालूच राहिला तो त्यामुळेच.

पण बॅटरी काही तासांची असते आणि जनरेटरला डिझेल लागतं. डिझेल पेट्रोलपंपावरून आणायचं, तर तो पंप जमिनीखालच्या टाकीतून डिझेल वर खेचतो तो विजेवर. बहुतेक पंपांवर त्यांचा स्वतःचा जनरेटर असतो हे खरं, पण पैसे देताना कार्ड किंवा यूपीआय चाललं पाहिजे, म्हणजे नेटवर्क पाहिजे, म्हणजे टॉवर पाहिजे, म्हणजे टॉवरच्या जनरेटरला डिझेल पाहिजे. मोठा भाऊ, धाकटा भाऊ.

न्यूयॉर्कमध्ये २०१२ साली सँडी वादळ आलं तेव्हा बेलव्ह्यू नावाच्या मोठ्या हॉस्पिटलचे जनरेटर तेराव्या मजल्यावर होते, पुराला घाबरूनच कुणीतरी शहाणपणाने वर ठेवले होते. पण त्यांना इंधन चढवणारे पंप तळघरात होते. तळघर बुडलं. मग माणसांची साखळी करून इंधनाचे कॅन हातोहात तेरा मजले चढवले. शेवटी पेशंट हलवावे लागलेच. फुकुशिमात २०११ ला याहून वाईट, अणुभट्टी थंड ठेवणाऱ्या यंत्रणेचे बहुतेक जनरेटर तळघरातच होते आणि त्सुनामीचं पाणी थेट त्यांच्यावर आलं.

तेव्हा जनरेटर आहे का हा प्रश्न विचारून भागत नाही. तो कुठे ठेवलाय, त्याला इंधन कोण देतं, तो चालू कोण करतं, आणि ज्या कारणाने मूळ लाईट जाईल त्याच कारणाने हाही जाईल का, हे विचारायला लागतं. बॅकअप मूळ गोष्टीच्याच मांडीवर बसलेला असेल तर त्याला बॅकअप म्हणू नये.

## "मग सगळं वेगळंच करून टाका ना"

हा दुसरा आक्षेप, आणि यात दम आहे. मुंबईने विजेच्या बाबतीत काही दशकांपूर्वी हे थोडं केलंच. बाहेरचं ग्रिड गडबडलं की शहराने स्वतःला तोडून घ्यायचं आणि ट्रॉम्बेची वीज, खोपोली-भिवपुरी-भिऱ्याची पाण्यावरची वीज यांच्या जोरावर बेटासारखं चालू राहायचं. याला आयलंडिंग म्हणतात. आपण नातेवाईकांना चिडवायचो ते याच्याच जिवावर.

मग २०२० ला काय झालं? बेट करायला बेटावर पुरेशी वीज लागते. त्या वेळी शहराच्या आत तयार होणारी वीज मागणीच्या मानाने कमी होती, कारण बाहेरची वीज स्वस्त पडते आणि कारण नसताना महागडी युनिट कोण चालवेल. बेट झालं खरं, पण सायकलवर डबलसीट बसवून चढ चढताना पेडल जड होत होत सायकल थांबते तसं मशिनांचा वेग पडला, त्या वेगावर ठरणारी विजेची वारंवारता आपल्याकडे ५० हर्ट्झच्या (सेकंदाला ५० आवर्तनांच्या) आसपास राहावी लागते, आणि शेवटी मशिनंही बंद पडली. स्वस्ताई म्हणा की काटकसर, ती रोज फायद्याची होती आणि एका सकाळी महागात गेली. त्यानंतर शहरात वीज आणायला खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची नवी लाईन झाली.

आणि पूर्ण वेगळं राहण्याचीही किंमत असते. टेक्सासने आपलं ग्रिड बाकी अमेरिकेपासून जवळपास सुटं ठेवलं होतं, गरज पडली तेव्हा शेजाऱ्याकडून वाटीभर साखर मागायची सोय नव्हती. उलट ३१ जुलै २०१२ ला आपलं उत्तर, पूर्व आणि ईशान्य ग्रिड एकत्र कोसळलं, सुमारे ६२ कोटी लोकांची वीज गेली, दिल्ली मेट्रो थांबली, पूर्वेकडच्या कोळसा खाणींत कामगार खाली अडकले, आणि पश्चिमेचं ग्रिड जोड तुटल्यामुळे वाचलं. म्हणजे कधी जोडलेलं असणं वाचवतं, कधी तुटणं. मला विचाराल तर जोडलेलंच असावं, पण वेळ आली की कुठे तुटायचं हे आधी ठरलेलं असावं, आणि तुटल्यावर जगायला लागेल एवढं घरात असावं. हे बोलायला सोपं आहे, बिल भरायला नाही.

## "तो तर चिनी सायबर हल्ला होता ना?"

मुंबईच्या १२ ऑक्टोबरच्या अंधाराबद्दल २०२१ च्या मार्चमध्ये अशी बातमी आली होती, राज्य सरकारनेही शक्यता बोलून दाखवली होती. तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मात्र मुंबईची वीज मानवी चुकीमुळे गेली असं सांगितलं. आपल्या विषयासाठी मला यात फार फरक दिसत नाही, फांदी माकडाने मोडली की वाऱ्याने, झाड पोखरलेलं असेल तर ते पडणारच. इटलीत २८ सप्टेंबर २००३ ला जवळपास अख्खा देश अंधारात गेला, सुरुवात स्वित्झर्लंडमध्ये एका लाईनचा झाडाशी संपर्क आल्याने झाली होती. हॅकर बिकर कुणी नाही, झाड.

## "एवढे कॉम्प्युटर आहेत, आधी कळत नाही?"

त्याच इटलीच्या घटनेवरून २०१० मध्ये बुल्दिरेव, हॅवलिन, स्टॅनली वगैरे शास्त्रज्ञांनी 'नेचर'मध्ये एक पेपर लिहिला. त्यांनी दोन जाळी घेतली, एक विजेचं, एक त्याला नियंत्रण करणाऱ्या कॉम्प्युटरांचं, आणि दोघांचे ठिपके, म्हणजे वीजकेंद्रं आणि कॉम्प्युटर, एकमेकांवर अवलंबून ठेवले. मग थोडे थोडे ठिपके उडवत गेले. एकटं जाळं असतं तेव्हा ते हळूहळू विरतं, जुन्या धोतरासारखं, आज इथे भोक, उद्या तिथे, आणि आपल्याला दिसत असतं. दोन जोडलेली जाळी मात्र बराच वेळ टिकल्यासारखी दिसतात आणि एका मर्यादेनंतर एकदम खलास होतात.

पेपरवर टीकाही झाली. विजेचे इंजिनियर म्हणतात की खरी वीज अशी ठिपक्यांच्या चित्रासारखी वाहत नाही, आणि ते बरोबर आहे, हे मॉडेल ढोबळ आहे. पण त्यातली ती गोष्ट, की शेवटपर्यंत सगळं ठीक दिसतं, ती मला पटते, कारण २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगालमध्ये भर दुपारी वीज गेली तेव्हाही कोसळायला सेकंदच लागले. बसलेली मेट्रो, बंद एटीएम, पैसे खिशात आणि द्यायची सोय नाही.

आणि आधी कळण्यातली खरी अडचण कॉम्प्युटरची नाही. वीजवाल्याला वीज माहीत, पाणीवाल्याला पाणी. माझा पंप कुठल्या फीडरवर (वीज आणणाऱ्या स्थानिक लाईनवर) आहे हे पाणीवाल्याला माहीत असतं, पण तो फीडर कुठल्या सबस्टेशनवरून येतो आणि तिथे तळाला पाणी भरतं का हे त्याने का विचारावं, ते त्याचं काम नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ठाणे जिल्ह्यात पिसे इथे, जिथून भातसाचं पाणी मुंबईसाठी उपसतात, एका ट्रान्सफॉर्मरला आग लागली आणि आठवडाभर मुंबईत १५ टक्के पाणीकपात झाली. एक ट्रान्सफॉर्मर, आणि कुलाब्यातला माणूस विचारतो आज पाणी कमी का.

## आमच्या बेसमेंटमधलं टेक्सास

हे सगळं वाचून मी शहाणा झालो असं वाटून एका रविवारी वही घेऊन सोसायटीत फिरलो, कशाला काय लागतं हे लिहायला. लिफ्टला जनरेटर, बरोबर. जिन्यातल्या दिव्यांना जनरेटर, बरोबर. जनरेटर बेसमेंटच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे रॅम्पचा उतार संपतो. तिथेच फरशीत एक खड्डा आहे, पावसाचं पाणी त्यात जमतं आणि छोटा पंप ते बाहेर फेकतो.

मी वॉचमन भाऊंना विचारलं, "भाऊ, हा पंप कुठल्या लाईनवर आहे?"

"साध्या मीटरवर, साहेब."

"जनरेटरवर नाही?"

"नाही साहेब. बिल्डरने दिला तेव्हापासून असाच आहे."

म्हणजे पावसात लाईट गेली की खड्ड्याचा पंप बंद, पाणी चढणार. जनरेटरचं ऑटो स्टार्टचं पॅनेल माझ्या गुडघ्याच्या उंचीवर, भिंतीला पाण्याची जुनी रेघ त्याच्या चार बोटं खाली. म्हणजे ज्या दिवशी जनरेटर सगळ्यात जास्त लागेल त्याच दिवशी तो पाण्यात. पंप जनरेटरवर घेतला तरी पॅनेल वर न्यावंच लागेल, कारण बाहेरच्या गटाराचंच पाणी उलटं आलं तर एवढासा पंप काय करणार.

मीटिंगला विषय ठेवला. इलेक्ट्रिशियनने पॅनेल उचलणं, केबल बदलणं आणि पंपाची लाईन असं मिळून ८५ हजारांचं कोटेशन दिलं. एकाने विचारलं की आत्तापर्यंत कधी बुडलाय का, तर नाही बुडलेला. दुसऱ्याने विचारलं आधी गेटचं रंगकाम होणार होतं त्याचं काय. काकू एकट्या म्हणाल्या करून टाका रे, मला परत तीन मजले चढायचे नाहीत. विषय पुढच्या सर्वसाधारण सभेवर गेला, गेट रंगवलं, हिरवं.

पंपाची वायर मात्र मी माझ्या अधिकारात जनरेटरच्या लाईनवर घेतली, तेवढं साडेचार हजारांत झालं. पॅनेल अजून तिथेच आहे. भाऊंनी त्याच्यासमोर विटांचा एक बांध घातलाय, वर सिमेंटचा हात फिरवलाय, आणि दर शनिवारी पाच मिनिटं जनरेटर चालवून वहीत वेळ लिहितात. मागच्या शनिवारी तो पहिल्या झटक्यात लागला नाही. बॅटरी उतरली होती, तिचा चार्जर साध्या मीटरवर आहे आणि कुणीतरी मोबाईल लावायला त्याचा प्लग काढला होता.